दातांच्या पाठातली कीड

प्राथमिक शाळेच्या भिंतीवर एक तक्ता हमखास आढळतो. एक भली मोठी दाढ, तिच्या माथ्यावर काळे भोक, आणि त्या भोकात कुदळी-हातोडे घेऊन खोदकाम करणारे दोन-तीन शिंगवाले किडे. शेजारी दुसरी दाढ, हसरी, हातात ब्रश घेतलेली. शिक्षक-प्रशिक्षणाच्या निमित्ताने आमचे हिंगोली जिल्ह्यातील शाळांत जाणे होते. औंढा नागनाथ असो, कळमनुरी असो की सेनगाव, हा तक्ता कोठे विकतचा असतो, तर कोठे एखाद्या हौशी गुरुजींनी स्वतः रंगवलेला असतो. चित्र मुलांना आवडते, लक्षातही राहते. आमची तक्रार नेमकी तीच आहे. जे लक्षात राहते ते चुकीचे आहे, आणि त्या चुकीचे परिणाम मुलांच्या दाढांवर होतात.

हिंगोली हा शेतकऱ्यांचा जिल्हा. येथील मुलाला ‘कीड’ हा शब्द शाळेत येण्याआधीपासून माहीत असतो. तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी त्याने पाहिलेली असते, कापसाच्या बोंडातली गुलाबी अळी त्याने हातावर घेतलेली असते. कीड बाहेरून येते, पोखरते, दिसते आणि फवारणी केली की मरते. ‘दाताला कीड लागली’ असे शिक्षकांनी म्हटले की हे सारे ज्ञान मूल इमानदारीने दातावर लागू करते. त्यात त्याचा काही दोष नाही. मग उपाय काय? काहीतरी जहाल लावून कीड मारणे. चरचरणारी पेस्ट चांगली, कारण ती किड्याला झोंबत असणार. आजीची मिश्री त्याहून चांगली. आणि कीड दिसत नाही तोवर दात निरोगी.

ही समजूत फार जुनी आहे, हे खरे. प्राचीन मेसोपोटेमियात दातातल्या अळीची कथा होती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदन्तक’ येतो. युरोपातही शतकानुशतके हेच मानत. फ्रान्सचा दंतवैद्य पिएर फोशार याने किडक्या दातात सूक्ष्मदर्शकातून शोध घेतला, त्याला अळी सापडली नाही, आणि १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ही कल्पना नाकारली. या गोष्टीला जवळपास तीनशे वर्षे झाली. आमच्या तक्त्यावर मात्र अळीला शिंगे फुटली.

अळी खरोखर दाखवणारेही आहेत. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर तोंडात घ्यायचा आणि मग भांड्यातल्या पाण्यात पडलेले ‘किडे’ पाहायचे, हा उपाय महाराष्ट्रात ठिकठिकाणी परिचित आहे. युरोपात हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांनी होत असे. डोळ्यांनी पाहिलेले नाकारायचे कसे, असे पालक विचारतात, तेव्हा ‘अंधश्रद्धा’ म्हणून हात झटकणे शिक्षकाला शोभत नाही. येथे एक सुंदर पाठ दडलेला आहे. भुईरिंगणी, खुरासानी ओवा, वांगे, टोमॅटो, मिरची ही सगळी एकाच कुळातली झाडे. या कुळातल्या पुष्कळ बियांमधला गर्भ सरळ नसतो, अळीसारखा वळलेला, पांढरट असतो. टोमॅटोचे किंवा मिरचीचे बी रात्रभर भिजवावे, सकाळी ब्लेडने (ते शिक्षकांनीच चालवावे) उभे कापावे आणि भिंगाखाली धरावे. मुले आपण होऊन ओरडतात, “सर, अळी!” खुरासानी ओव्याची बी तापून फुटली की तिच्यातून हीच ‘अळी’ बाहेर पडते, हे युरोपातल्या शोधकांनी पूर्वीच दाखवून ठेवले आहे. ती दाताची नसते, बियाचीच असते. एका बियाने जे काम होते ते दहा भाषणांनी होत नाही. धुराचा प्रयोग मात्र वर्गात करू नये. त्याने तोंड भाजते आणि तो घशाला बाधतो.

मग दात नासतो तो कशाने? बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली याचे सूत्र मांडले. तोंडातले जीवाणू साखर व पिठूळ पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी यांतल्या एका प्रमुख जीवाणूचे वर्णन केले. त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. म्हणजे सजीवांचा हात यात आहेच. पण ते दात खात नाहीत. ते साखर खातात, आणि दात त्यांच्या सांडपाण्यात विरघळतो. आमच्या मते पाठात हे एवढे एक वाक्य आले तरी तक्त्याची गरज उरणार नाही.

दाताचे बाहेरचे कवच, एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे. दातावरच्या चिकट थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की हे खनिज विरघळू लागते. सामू पुन्हा वर चढला की लाळेतले कॅल्शियम व फॉस्फेट दातात परत बसू लागतात. हे येणे-जाणे दिवसभर, प्रत्येकाच्या तोंडात चालू असते. जमा आणि खर्चाचा हिशेब म्हणा. खर्च सतत जास्त राहिला की महिन्यांनी, कधी वर्षांनी, भोक पडते. भोक हा रोगाचा आरंभ नव्हे, दिवाळखोरीची जाहीर नोटीस आहे.

आरंभ दिसतो कसा, हे मात्र आपला पाठ सांगत नाही. तो काळा नसतो, पांढरा असतो. खडूसारखा, चमक गेलेला, मंद पांढरा डाग. समोरच्या दातांवर हिरडीच्या कडेला किंवा दाढांच्या खाचांच्या काठाने. दात ओला असताना तो लपतो, कारण सच्छिद्र झालेल्या एनॅमलमध्ये पाणी भरलेले असते. स्वच्छ कापसाने दात टिपून कोरडा केला की त्या छिद्रांत हवा शिरते आणि डाग उठून दिसतो. खिडकीजवळच्या उजेडात, प्रत्येक मुलासाठी वेगळा कापूस घेऊन, हे शिक्षकालाही पाहता येते. फक्त पाहावे. सुई, पिन, काडी यांनी टोकरून ‘मऊ आहे का’ असे तपासू नये. डागावरचा पातळ पापुद्रा शाबूत असेल तर डाग भरून येण्याची शक्यता असते, टोकरल्याने तोच मोडतो. येथपर्यंत रोग मागे फिरवता येतो. भोक पडल्यावर दात ते आपले आपण भरून काढू शकत नाही. आम्ही मुलांना काळे शोधायला शिकवतो, म्हणजे मागे फिरायची वाट बंद झाल्यावर पाटी वाचायला शिकवतो.

आता अंड्याच्या प्रयोगाकडे वळू. विज्ञान प्रदर्शनातला हा लाडका प्रयोग: अर्ध्या अंड्याला टूथपेस्ट फासायची, अंडे व्हिनेगरमध्ये ठेवायचे, पेस्ट नसलेल्या भागातून बुडबुडे येतात, कवच मऊ पडते. निष्कर्ष: पेस्ट दाताचे रक्षण करते. प्रयोग दिसायला छान आहे आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर फसवा आहे. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. एनॅमल फॉस्फेटचे, त्यातून असे फसफसणे होत नाही. व्हिनेगरचा सामू अडीचच्या आसपास, म्हणजे ५.५ च्या मानाने ते सुमारे हजारपट आम्लधर्मी. आणि पेस्ट अंड्यावर लेप म्हणून बसलेली असते, तशी ती दातावर कधीच राहत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी पेस्टऐवजी तूप चोपडून पाहावे. अंडे तुपानेही वाचते. मग मुलांना दातांना तूप लावायला सांगायचे काय? ज्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरे काही ठेवलेलेच नाही, तो प्रयोग नसून जाहिरात आहे.

याऐवजी मुलांकडे आपोआप जमा होणारे साहित्य वापरावे: पडलेले दुधाचे दात. ते उंदरासाठी छपरावर फेकण्याऐवजी शाळेत आणायला सांगावे आणि पाण्यात चांगले उकळून घ्यावेत. दाताच्या अर्ध्या भागाला नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, वाळू द्यावेत, आणि दात लिंबाच्या रसात एक-दोन दिवस ठेवावा. मग धुऊन, कोरडा करून नेलपॉलिश खरवडावे. झाकलेला भाग चकचकीत, उघडा भाग खडूसारखा पांढरा. बुडबुडे नाहीत, आवाज नाही. दंतक्षयाचे संशोधन करणारे प्रयोगशाळेत हीच युक्ती वापरतात. जोडीला दुसरा प्रयोग: प्रत्येकाने आपापली थोडी लाळ दोन बाटल्यांत घ्यावी, एकीत चिमूटभर साखर टाकावी, दुसरीत काही नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हींत निळा लिटमस बुडवावा. आम्ल कोणी केले, किड्याने की साखरेने, हा वाद मुलांनाच घालू द्यावा. बाटल्या नंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून टाकाव्यात. (हळदीचा कागद येथे चालणार नाही, हेही सांगून ठेवू. वसमतची हळद कितीही उत्तम असली तरी ती आम्लात रंग बदलत नाही, फक्त अल्कलीत लाल होते.)

‘गोड खाऊ नका’ हे घोषवाक्य आम्हाला कुचकामी वाटते. कोणते मूल ते ऐकते? आणि ते पुरते बरोबरही नाही. अमेरिकेतील स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांतच दातावरच्या थराचा सामू धाडकन खाली येतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास घेतो. म्हणजे प्रश्न किती साखर यापेक्षा किती वेळा, हा अधिक आहे. स्वीडनमधील विपेहोम येथे १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या अभ्यासात हेच निघाले. जेवणाबरोबर भरपूर साखर दिली तरी दंतक्षय थोडाच वाढला. चिकट टॉफी मधल्या वेळेत दिली तेव्हा तो पुष्कळ वाढला. हा अभ्यास मनोरुग्णालयातील, संमती देऊ न शकणाऱ्या लोकांचे दात नासवून केला गेला, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकाने लपवू नये. निष्कर्ष वापरताना तो कोणाच्या तोंडातून आला हेही मुलांना कळावे.

तर घोषणा देण्याऐवजी मुलांना मोजायला लावावे. काल सकाळपासून झोपेपर्यंत तोंडात गोड किंवा पिठूळ-चिकट काही किती वेळा गेले? चहा-टोस्ट, पाच रुपयांचा बिस्किटपुडा, मधल्या सुट्टीतली गोळी, घरी गेल्यावर पुन्हा चहा, रात्री झोपताना आणखी एक बिस्किट. प्रत्येक वेळेसाठी पाटीवर अर्ध्या तासाची एक रेघ मारायची. मुले हा हिशेब मन लावून करतात. लाडू जेवणातच खा, हे मग शिक्षकांना सांगावे लागत नाही. गूळ नैसर्गिक आहे म्हणून चालतो, असे एखादा पालक म्हणेलच. जीवाणूला तो फरक कळत नाही.

दुधाच्या दातांविषयी पाठात असते, संख्या वीस. ती परीक्षेत विचारली जाते. जे असायला हवे ते असे: साधारण सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती कोणताही दात न पडता येते, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आली तरी ‘दुधाची आहे, पडेल’ असे म्हटले जाते. ती पडत नाही. ती आयुष्यभराची असते, आणि तिच्या खाचा खोल असल्याने नासणाऱ्या कायमच्या दातांत तीच बहुधा पहिली असते. पहिलीच्या वर्गशिक्षिका बाईंइतके या दाढेच्या जवळ दुसरे कोणीही नसते. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के व बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांत दंतक्षय आढळला होता. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडात बहुतेक दात कायमचे असतात, हे लक्षात घेऊन दुसरा आकडा वाचावा.

एका अन्यायाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सगळे तपकिरी दात किडलेले नसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असेल तर एनॅमल घडत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, त्यात दोष राहतो. आधी पांढरे पट्टे उमटतात, पुढे ते पिवळे-तपकिरी होतात. हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात आणि नांदेडच्या किनवट भागात बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड ही जुनी समस्या आहे. हे डाग घासून जात नाहीत, कारण ते वरून बसलेलेच नसतात. अशा मुलाला ‘दात घासत नाहीस’ म्हणून वर्गासमोर उभे केले जाते, हे आम्ही ऐकले आहे. तोंड मिटून हसायला शिकलेली मुलगी कोणत्या वर्गात नाही? ओळखण्याची खूण अवघड नाही. फ्लोराइडचे डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे, आडव्या पट्ट्यांनी, पृष्ठभागभर पसरलेले असतात. दंतक्षयाचा डाग जेथे थर साचतो तेथे, हिरडीच्या कडेला वा खाचेत, एकेका दातावर असतो. एकाच गावच्या बऱ्याच मुलांना असे जोडीचे डाग दिसले तर ब्रशची नव्हे, हातपंपाची तपासणी करून घ्यावी. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत.

हेच फ्लोराइड पेस्टमध्ये का घालतात, असा प्रश्न हुशार मूल विचारेल, आणि तो विचारला जावा. गिळलेले जास्त फ्लोराइड घडत्या दाताला बाधते. दाताच्या पृष्ठभागाला लागलेले थोडे फ्लोराइड परत येणाऱ्या खनिजाला घट्ट बसवते आणि ते आम्लाला अधिक दाद देत नाही. म्हणून पेस्ट थोडी घ्यायची आणि थुंकायची: तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर वळणे घेतलेली पेस्ट दिसते, ती पेस्ट खपवण्यासाठी असते. रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जमेची बाजू बंद पडते. बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या काडीने थर निघतो, पण फ्लोराइड मिळत नाही. राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड यांनी दात झिजतात. मिश्री हा तर जाळलेला तंबाखू. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत तो कायदा पोचत नाही. दुखरी दाढ मिश्रीने बधिर होते, मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते, आणि दाढ पडून गेली तरी मिश्री सुटत नाही.

दुखऱ्या दाढेवर लवंगेचे तेल लावल्याने बरे वाटते, हे थोतांड नाही. त्यातले युजेनॉल खरोखर वेदना कमी करते आणि दंतवैद्यही त्याचा वापर करतात. पण वेदना थांबणे म्हणजे रोग थांबणे नव्हे. उलट खूप दुखणारी दाढ अचानक शांत झाली तर आतली नस मेली असण्याचा संभव असतो, आणि पू खाली हाडाकडे सरकत असतो. दाढेशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी, तिने हिरडी भाजते. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपचार म्हणजे ड्रिल, हजारो रुपये किंवा दाढ उपटणे, हेच पर्याय गावात ठाऊक असतात. आणखीही आहेत. मऊ झालेला भाग हातातल्या अवजारांनी काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, विजेशिवाय काम करता यावे म्हणून विकसित झाली. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रावणाचा थेंब किडक्या भागावर लावला तर पुष्कळदा दंतक्षय जागच्या जागी थांबतो. तो भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. ही दोन्ही द्रव्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. शाळेतल्या पाठात ती का नसावीत? पालकसभेत ‘थेंब लावून घेता येईल का’ असे विचारणारा एक शिक्षक असला तरी दवाखान्यातले संभाषण बदलते.

राहिली वार्षिक तपासणी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात आणि ज्या आजारांसाठी मुले पाहिली जातात त्यांत दातांचे विकार आहेत. योजना चांगली आहे. पण पथक निघून गेल्यावर शाळेकडे उरतो तो ‘दंतकीड: होय / नाही’ एवढाच शेरा, आणि पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा. आमची सूचना अशी की शाळेने आपली स्वतःची वही ठेवावी. त्यात ‘कीड’ हा रकानाच नसावा. पांढरा डाग कोणत्या दातावर, सहाव्या वर्षीची दाढ आली का, भोक आहे का, दुखते का, जोडीचे तपकिरी पट्टे आहेत का, आणि शेवटी, दवाखान्यात गेले का व काय केले, असे रकाने असावेत. पांढऱ्या डागाची नोंद सहा महिन्यांनी पुन्हा पाहावी. चमक परत आली असेल तर ते मुलाला आरशात दाखवावे.

आणि ही पाहणी जुलै-ऑगस्टमध्येच उरकावी. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुले गाव सोडतात, आणि डिसेंबरात ठेवलेल्या शिबिरात नेमकी तीच हजर नसतात.